परतीच्या खुणा

ला रुशेतच्या डोंगरात वाट चुकणं सोपं नव्हतं, त्याला मेहनत घ्यावी लागे. फाट्याफाट्यावर, बीचच्या झाडाच्या बुंध्यावर नाहीतर चुनखडीच्या दगडावर आंतेल्म ब्युर्दिनानं पिवळी पट्टी ओढून ठेवलेली असायची. सरळ पट्टी म्हणजे चला पुढं. वाकडी म्हणजे वळा. आणि फुली म्हणजे, बाबांनो, इकडं तुमचं काही काम नाही.

एकतीस वर्षं त्यानं हे काम केलं. उमेदीत तो लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. डाव्या हाताची दोन बोटं तिथं ठेवून आला आणि उरलेल्या आठांनी डोंगर रंगवायला लागला. जुन्या मठाचे अवशेष, तस्करांची वाट, गिये नदीच्या घळीवरचा पूल, धबधब्याचा सज्जा, सगळीकडं त्याच्याच पट्ट्या. शहरातली माणसं रविवारी यायची आणि पट्ट्या बघत बघत डोंगर बघायची राहायची.

हे काम दोन माणसांचं. खूण जातानाही दिसली पाहिजे आणि येतानाही. चढताना दिसणारं झाड उतरताना पाठमोरं असतं. म्हणून झाडाच्या दोन्ही अंगांना पट्टी हवी. जाण्याच्या खुणा आंतेल्म काढायचा. त्याची बायको लेओकादी तीस पावलं मागून यायची आणि परतीच्या काढायची. शेवाळ खरवडायचं काम मात्र दोन्ही बाजूंना तोच करायचा, कारण तारेचा ब्रश घासला की तिचं मनगट ठणकायचं. पट्टी झाली की ती ब्रशच्या दांड्यानं डब्यावर दोनदा वाजवायची: टक टक. म्हणजे झालं, हो पुढं. तोही उलट दोनदा वाजवायचा. दिवसभराचं त्यांचं बोलणं एवढंच, आणि ते पुरायचं असं गावातले नवरे हेव्यानं सांगायचे.

"तू नुसता माणसं धाडतोस," लेओकादी म्हणायची. "आणायला मला लागतं."

चार वर्षांपूर्वी ती न्यूमोनियानं गेली. डोंगरानं नाही, घरात, अंथरुणावर. तेव्हापासून आंतेल्म चढताना एक बाजू रंगवायचा आणि उतरताना दुसरी. डबा मात्र वाजवायचा नाही.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दुपारी ओदीलच्या कॅफेत लियों शहरातलं एक जोडपं येऊन बसलं. ओदील म्हणजे कॅफेची मालकीण, आणि गावाच्या पायवाट समितीची अध्यक्षही. गावात तिच्याइतका आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता म्हणून. जोडप्याच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते.

"कोण काढतं हो तुमच्या इथल्या खुणा?" नवऱ्यानं विचारलं.

कोपऱ्यात आंतेल्म टोम चीजचा तुकडा चाकूनं कापत होता. त्यानं अभिमानानं मान वर केली.

"मठाच्या मागं हद्दीचा दगड आहे, तिथून खुणा लागल्या," तो माणूस म्हणाला. "ताज्या, चकचकीत. आम्ही आपले चाललो. शेवटची पट्टी कुठं असावी? कड्याच्या टोकावर! पुढं हवा. मागं वळून बघतो तर एकही खूण नाही. जाताना दर झाडावर होती हो. परतताना एकावरही नाही."

"फोन?"

"तिथं फोन चालतो का तुमचा?"

"नाही चालत," ओदील म्हणाली. "आमचा इथंही चालत नाही."

"ती वाट बंद आहे," आंतेल्म म्हणाला. "दरड कोसळली त्याला एकोणीस वर्षं झाली. तिथं मी पट्टी कशाला काढीन?"

"मग भुतानं काढली असेल," ओदील हसून म्हणाली. "मठातल्या साधूंना कंटाळा आला असेल, आंतेल्मबाबा. आठशे वर्षं नुसतं मौन पाळायचं म्हणजे..."

बोलता बोलता ती थांबली. तिची नजर त्याच्या बाहीवर गेली होती. आंतेल्मनंही खाली पाहिलं. कफाच्या कडेला पिवळ्या रंगाचा ओघळ होता, अजून न भेगाळलेला. वसंतानंतर त्यानं डबा उघडला नव्हता. निदान त्याला तरी तसंच आठवत होतं.

जोडपं गेल्यावर ओदीलनं टेबल पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"रविवारी संतांच्या सणाची पदयात्रा आहे, बाबा. चाळीस माणसं येणारेत. त्यात माझी सासू आहे. पाऊस असो, धुकं असो, ती पिवळी पट्टी दिसली की देवाचं बोट दिसल्यासारखी चालायला लागते."

"मग तर राहू दे त्या खुणा," आंतेल्म म्हणाला.

ओदील हसली नाही. "शनिवारच्या आत काय ते बघा. आणि..." ती घुटमळली. "काही असलं तर मला सांगा. समितीला नंतर सांगू."

काही असलं तर काय करायचं ते तिनं सांगितलं नाही, पण आंतेल्मला कळलं. ब्रश काढून घेतला जाईल. आणि ब्रश गेला की मग चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानं सकाळी उठून बूट कशासाठी घालायचे?

शुक्रवारी सकाळी तो तारेचा ब्रश, खरवडणी आणि सवयीनं रंगाचा डबाही घेऊन निघाला. डबा उचलला तेव्हा हलका लागला. त्यानं हातातल्या हातात तो दोनदा तोलून पाहिला आणि नाद सोडला.

मठाच्या पडक्या भिंतीमागं हद्दीचा दगड उभा आहे. सावोय वेगळं राज्य होतं तेव्हाचा. एका अंगाला कोरलेलं फ्रान्सचं फूल, दुसऱ्या अंगाला सावोयचा क्रूस. त्या फुलाखाली ताजी पट्टी होती. सुबक, दोन बोटं उंच, वीतभर लांब.

"काम चांगलंय," आंतेल्म मोठ्यानं म्हणाला, आणि खरवडायला लागला.

दुसऱ्या झाडाशी त्याचा हात थांबला. पट्टीच्या उजव्या टोकाला, मुख्य रंगापासून जरा सुटलेली, केसासारखी एक रेघ होती. तिसऱ्या झाडावरही. चौथ्यावरही. त्याच्या ब्रशचा एक केस चार वर्षांपासून बाहेर आलेला होता. लेओकादी असती तर तिनं कापला असता. त्यानं तसाच ठेवला होता.

मग तो झाडाच्या मागच्या बाजूला गेला. तिथं रंग नव्हता. पण वीतभर जागेतलं शेवाळ तारेच्या ब्रशनं नीट घासून काढलेलं होतं. साल कोरडी, स्वच्छ, रंगाची वाट बघत असलेली. पुढच्या झाडालाही तसंच. त्याच्याही पुढच्या. प्रत्येक झाडामागं एक रिकामी चौकट.

आता त्याला कळलं. इथं भूत वगैरे कुणी आलेलं नव्हतं. आंतेल्म ब्युर्दिनाच आला होता. कुठल्याशा दिवशी, जो त्याच्या डोक्यातून साफ खरवडला गेला होता, तो इथून चालत गेला होता. दोन्ही बाजू घासून, आपली तेवढी रंगवून, तिची तिच्यासाठी ठेवून. तीस पावलांमागं ती येतेय या भरवशावर.

तो झाडाच्या मुळावर बसला. मग उठला. रविवारी चाळीस माणसं. एकेक पट्टी खरवडत तो पुढं सरकत राहिला, आणि कामाच्या नादात मागं बघायचं राहून गेलं.

शेवटची पट्टी कड्याच्या टोकावरच्या शिळेवर होती. ती अजून बोटाला चिकटत होती. म्हणजे किती दिवस झाले? चार? दोन? त्यानं ती पुसली आणि मागं वळला, तर डोंगर नव्हता. घळीतून धुकं वर आलं होतं आणि झाडं, वाट, मठ, सगळं गिळून त्याच्या बुटांपाशी थांबलं होतं.

जाण्याच्या खुणा त्यानं स्वतःच्या हातांनी खरवडल्या होत्या. परतीच्या कधी नव्हत्याच. एकतीस वर्षं लोकांना वाट दाखवणारा माणूस दिवसाढवळ्या, दुपारी दोन वाजता, आपल्याच वाटेवर अडकला होता. त्याला हसू आलं. हसण्याचा आवाज धुक्यात गेला आणि परत आला नाही, तेव्हा हसू थांबलं.

त्यानं एक पाऊल टाकलं. खडी घसरली. खाली पडणाऱ्या दगडांचा आवाज ऐकायला तो थांबला. खूप वेळ काहीच आलं नाही, मग फार खालून नदीत पडल्यासारखं काहीतरी.

त्यानं डबा काढला. का काढला ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं. ब्रशच्या दांड्यानं त्यानं दोनदा वाजवलं. टक टक.

धुकं तसंच राहिलं. पाणी ठिबकत होतं.

मग वरून, तीस पावलांवरून: टक टक.

सुतार पक्षी असेल, असं त्याच्या मनात आलं. सुतार पक्षी दोनवर थांबत नाही, हेही आलं. तो आवाजाच्या दिशेनं रांगत निघाला. हाताला बुंधा लागला. बोटांनी त्यानं घासलेली जागा चाचपली. ती ओली होती. धुक्यात सगळंच ओलं असतं. त्यानं पुन्हा वाजवलं. पुन्हा वरून उत्तर आलं, बरोबर तेवढ्याच अंतरावरून. तो थांबला की तेही थांबायचं. एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "हळू जा ना, गुडघे दुखतायत," आणि पुढचं उत्तर खरोखरच जरा उशिरा आलं. ते ऐकून त्याच्या अंगावर जो काटा आला, तो दरी बघूनही आला नव्हता.

अकरा झाडं त्यानं मोजली. बाराव्यांदा हाताला गार, कोरलेला दगड लागला. सावोयचा क्रूस. मागं वळून पाहायचं नाही असं त्यानं ठरवलं, आणि पाहिलं नाही.

कॅफेत शिरला तेव्हा त्याचे दोन्ही तळहात पिवळे होते. शेवटच्या पट्टीचा रंग, तो स्वतःला म्हणाला. एवढा? असेल.

त्यानं डबा आणि ब्रश ओदीलच्या पुढ्यात ठेवले. "मीच होतो."

ओदीलनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग ब्रशकडं. तिनं अक्रोडाच्या दारूचा पेला भरून त्याच्यापुढं सरकवला.

"आठवतंय काही?"

"काहीच नाही. तेच तर."

"या धुक्यात खाली कसे आलात?"

आंतेल्मनं पेला संपवला. "माहितीची वाट आहे," तो म्हणाला.

शनिवारी ऊन होतं. बंद वाटेच्या तोंडावर फुली मारायला ओदील ब्रश घेऊन आली आणि तो सोबत आला. आधी त्यानं तिला आत अकरा झाडं फिरवून आणलं, प्रत्येकाची मागची बाजू पाहिली. घासलेल्या चौकटी होत्या. कोरड्या, रिकाम्या. पिवळा ठिपकाही नाही.

"काय शोधताय?"

"बघतोय, नीट घासलंय का."

हद्दीच्या दगडावर, फुलाच्या अंगाला, ओदीलनं जीभ बाहेर काढून फुली मारली. बरीच वाकडी.

"नव्वद टक्के लोक याला फुलपाखरू समजतील," आंतेल्म म्हणाला.

"शिकेन हो. तुम्ही काय पहिल्याच दिवशी शिकलात?" ती दगडाला वळसा घालून क्रुसाच्या बाजूला गेली. "इकडंही फुली ना?"

"नको."

"आतून कोण येणार आहे, बाबा? वाट तर बंद."

"पट्टी काढ," तो म्हणाला. "सरळ. कुणी येत असेल तर त्याला घर सापडू दे."

ओदीलनं पट्टी ओढली. मग जास्तीचा रंग झटकायला तिनं ब्रशचा दांडा डब्याच्या काठावर आपटला, दोनदा.

आंतेल्म झाडांकडं तोंड करून, कान लावून उभा राहिला.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "आता मठाच्या बाजूच्या जुन्या पट्ट्या बघायच्यात. तू हो पुढं, जाण्याच्या तू बघ."

"आणि तुम्ही?"

"मी येतो. तीस पावलं मागून."