हौसाक्कांचं नाक

कुणी कोंबड्या बघायला बोलावलं, की हौसाक्का आधी कोंबड्यांकडे बघतच नसत. लुगडं वर खोचून खुराड्यात शिरायच्या आणि गुडघे टेकून नाक जमिनीपासून वीतभर अंतरावर न्यायच्या. सत्तरीची बाई अशी ओणवी झालेली पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला वाटलं, यांचं काहीतरी पडलंय. मी आपली शोधायला लागले.

"उभ्यानं काय कळतंय, पोरी? कोंबडीचं नाक जितं असतंय, तितं आपलं न्ह्यायचं," त्या म्हणाल्या. मग खालचा मूठभर भुसा घट्ट दाबून हात उघडला. लाडू झाला तर ओल जास्त, भुरभुर सुटला तर बरं. माझ्या भुशाचा लाडू झाला होता.

अक्कांचं माहेर निमोण्याचं, सासर आमच्या राहू गावचं. घर आमच्या मागच्याच अंगाला. मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये होते. मुलगी झाल्यावर शिफ्ट सोडल्या आणि परसात जाळी मारून पन्नास गावरान पिल्लं आणली. "एमेस्सी झाली आन् कोंबड्या राखायला लागली," असं घरातच बोललं जायचं. त्यामुळे ती पिल्लं जगवून दाखवणं हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न झाला होता.

इभ्रतीपायी मी दर चार दिवसांनी सगळा भुसा काढून फिनेलनं जमीन धूत असे. अक्कांनी कपाळाला हात लावला. "अगं, दवाखाना हाय व्हय ह्यो? धुतलेल्या भुईवर नवा भुसा टाकला तर खालची ओल कुठं जाईल?" मग त्यांनी शिकवलं. खाली चुन्याचा हात फिरवायचा, वर चार बोटं भुशाची गादी पसरायची, रोज सकाळी दाताळ्यानं उलथायची. पाण्याच्या भांड्याजवळचं भिजलेलं तेवढं उचलून कोरडं टाकायचं. "माणूस उठलं की अंथरूण झटकतंय. कोंबडीचं कुणी झटकायचं?" असं म्हणत त्या स्वतःच दाताळं चालवायच्या. मला फक्त बघायची परवानगी.

त्या हिवाळ्यात भाताचा भुसा कुठं मिळेना. शेजारच्या गुऱ्हाळामागं उसाच्या चिपाडाचा भुगा साठला होता. अक्कांनी मुठीत दाबून पाहिला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "ने बिनघोर." मी पोत्यानं आणला. अक्कांचा शब्द म्हणून आणखी चार घरांनी नेला.

आठवड्यात माझी पिल्लं चोच वासून धापा टाकू लागली. तीन दिवसांत अकरा गेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, भुग्यात बुरशी आहे, तीच छातीत गेली. औषध काही नाही, गादी ताबडतोब काढा. मला रडू आवरेना. खरं सांगते, अक्कांचा रागही आला.

त्या आल्या. खाली बसून भुगा उचलला, नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग तोच हात माझ्या नाकापुढे आणला.

"कसला वास येतुया?"

"कुबट. ओल्या गोधडीसारखा."

त्यांचा हात खाली आला. "मला काय बी येत न्हाई. दिवाळीला ताप आला तवापास्नं. भाजी करपल्याली बी कळत न्हाई. वाटलं, येईल माघारी. कुणाला बोलले न्हाई." आणि मग, खालच्या आवाजात, "लोक माझ्या नाकाला इचारत्यात, पोरी. नाक न्हाई म्हणलं तर मला कोण बोलावंल?"

माझा राग तिथंच विरघळला. आम्ही दोघींनी मिळून जमीन कोरी केली, पिल्लं पडवीत हलवली. घमेलं बाजूला ठेवून त्या पदर सावरत उठल्या, त्या चार घरांकडे निघायला. मी अडवलं. म्हटलं, डॉक्टरांनी बदलायला सांगितलंय एवढंच म्हणा, तुमचं नाव कशाला?

"भुगा आणला तवा डाक्टर आला हुता व्हय बघायला? न्या म्हणून सांगितलं म्या, निस्तरायचं बी म्या."

मी फावडं घेऊन मागं निघाले. प्रत्येक दारात त्या तेच बोलल्या, एक शब्द कमी न करता: माझं नाक गेलंय, मी चुकले, गादी आत्ताच्या आत्ता काढा. एका घरात बोलणी बसली. दुसरीकडे कुणी बसाही म्हणालं नाही. अक्कांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि खुराड्यात शिरून स्वतः भुगा ओढायला लागल्या.

चौथं घर शेवंतामावशींचं. त्यांच्या कोंबड्या अंगणात मजेत टिपत होत्या. सगळं ऐकून मावशी कळवळून म्हणाल्या, "अक्का, आमच्यात तर एकीला बी काय झालं न्हाई. कशाला सांगत बसलात? न्हाई सांगितलं असतं तर कुणाला कळलं असतं?"

अक्का तोवर दाताळं घेऊन आत वाकल्या होत्या. तिथूनच त्यांचा आवाज आला.

"कोंबड्यास्नी कळलं असतं की."