माझ्या नावाची मूठ

आमच्याकडे कानबाई मांडायची म्हणजे आधी घरातले पुरुष मोजावे लागतात. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, नारळाला नथ आणि दागिने घालून देवी म्हणून चौरंगावर बसवतात. रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी तिला नदीवर पोचवतात. त्याआधी गहू काढायचे ते मोजून: प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, मग तो कडेवरचा असो की खाटेवरचा. त्या पिठाचे रोट होतात. ते ज्यांची मूठ पडली त्यांनी आणि त्या घरातल्या बायकांनीच खायचे, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाहीत. आमच्या घराची रीत एवढीच होती, आणि तेवढ्यावरून आमचं एक घर दोन झालं.

मी तेव्हा तिशीच्या आसपास होतो. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंगच्या कारखान्यात नमुन्याच्या कापडाशी रंग जुळवून देण्याचं काम करत होतो. काम असं होतं की डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं धरायचं, आणि ते मला फार मानवलं होतं. दर रविवारी सकाळी उधन्यात एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही काही जण जमत असू. देव नाही, हे आम्हा सगळ्यांना मान्य होतं. त्यामुळे त्यावर वाद होत नसे. वाद व्हायचा तो कोण किती पाळतो यावर. एकाने सत्यनारायणाचा शिरा खाल्ला म्हणून त्याला तासभर उभं आडवं घेतल्याचं मला आठवतं. कुणाच्या तोंडून ‘देवाशपथ’ निघालं तर त्याने सगळ्यांना चहा पाजायचा असा नियम होता. तो नियम मीच सुचवला होता.

आमच्यात एक निवृत्त गुजराती शिक्षक होते. बोलत कमी, हसत जास्त. एकदा असाच चहा पिताना त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “भाई, आपणे मंदिर ज बनाव्युं छे. खाली घंट बाकी छे.” आपण देऊळच बांधलंय, फक्त घंटा राहिलीय. सगळे हसले. मी हसलो नाही. मी त्यांना नास्तिकता हा धर्म का नाही, हे मुद्देसूद समजावून सांगितलं: न मानणं म्हणजे रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेला श्रद्धा लागत नाही. ते मान डोलवत ऐकत राहिले. शेवटी एवढंच विचारलं, “तो आटलो गुस्सो केम?” इतका राग कशाला, असं विचारल्यावर मी मुद्दे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.

सुरतेत प्लेग आला तो याच काळात, चौऱ्याण्णव साली. लिंबायतमधली आमची गल्ली दोन दिवसांत रिकामी झाली. लोक मिळेल त्या गाडीने खान्देशात पळाले. आम्ही थांबलो, कारण मायचे गुडघे गर्दीत चढण्याजोगे नव्हते. मायला सोडून दादा जाणार नव्हता आणि दादाला सोडून मी. मी कुठून कुठून कॅप्सूल मिळवल्या आणि घरातल्या प्रत्येकाला समोर उभं करून गिळायला लावल्या. माय कॅप्सूल गिळायची, पाणी प्यायची, मग भिंतीकडे तोंड करून हात जोडायची. सगळे वाचले तर सुरतेत कानबाई मांडीन, असा नवस ती बोलली होती. गावाकडचं घर मोडल्यापासून आमची कानबाई बसलीच नव्हती.

आमच्या घरात कुणाला ताप आला नाही. पुढच्या श्रावणात मायने गहू आणले.

मी पहिल्या पाळीवरून दुपारी घरी आलो, तेव्हा ती दारात उजेडाला सूप घेऊन बसली होती. दादा लूमवरून सुट्टी काढून आला होता आणि पलीकडे चौरंगाचा डुगडुगता पाय ठोकत होता. माय मोठ्याने मोजत होती. आधी दादाची मूठ टाकली, मग दादाच्या मुलाची. माझ्याकडे न बघताच पुढची मूठ भरली आणि म्हणाली, “हाई तुनी.”

मी म्हणालो, “माझी टाकू नको, माय.”

तिला वाटलं मी थट्टा करतोय. “का रे भाऊ, तू बाई व्हयना का?”

दादा हसला. मी उभ्या उभ्याच सांगितलं की मी हे मानत नाही, हे तिला ठाऊक आहे. तिने खुशाल कानबाई मांडावी, मी आड येणार नाही, पण त्या मोजणीत मी नसावा. हे बोलताना माझा आवाज अगदी शांत होता. आज मला माझ्या रागापेक्षा त्या शांतपणाचीच जास्त लाज वाटते. तो मी येत्या रविवारी सभेत सांगण्यासाठी आधीच सांभाळून ठेवला होता.

मायची मूठ सुपावर तशीच थांबली. “जित्ता मानूसनी मूठ सोडतस का रे?” जिवंत माणसाची मूठ सोडायची म्हणजे काय, हे तिला खरोखरच कळत नव्हतं. आमच्यात मूठ सुटते ती मेलेल्याची. आणि तिचा नवसच सगळे वाचले म्हणून फेडायचा होता. त्या सगळ्यांतून मला वगळलं तर आभार मानायचे कशाबद्दल?

दादाने हातोडी खाली ठेवली. “मूठभर गहू शेत. टाकू दे ना तिले. तुले काय टोचतस का?”

“प्रश्न तत्त्वाचा आहे.”

“मंग तुना बी देवच शे,” दादा म्हणाला. “आमना देव नारळमा बसस, तुना ‘नही’मा बसस. आमना तरी वरीसमा एक दिन जागाडस. तुना रोजच.”

माझी बायको आत दादाच्या पोराला भरवत होती. ती कधी या वादांत पडत नसे. त्या दिवशी तिने आतूनच विचारलं, “त्या मुठीत काही नसतं, असंच म्हणता ना तुम्ही? मग ती पडली काय, न पडली काय?”

मी तिला उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. लांबलचक होतं एवढं आठवतं. तिचा प्रश्न मात्र आठवतो. एखाद्या गोष्टीत काही नाही असं ज्याला खरंच वाटतं, तो तिच्या वाटेला जात नाही. गव्हाच्या मुठीने माझं काही बिघडेल असं त्या दुपारी घरात एकालाच वाटत होतं, आणि तो मी होतो.

मायने सुपातले गहू परत डब्यात ओतले. रडली नाही. स्वयंपाकाला लागली.

तोड दादाने काढली. चूल वेगळी झाली की मोजणी वेगळी होते. माझी चूल वेगळी झाली तर मायला मला मेल्यासारखं वगळावं लागणार नव्हतं. धाकटा वेगळा निघाला, एवढंच देवीला सांगायचं. पर्वत पाटियाजवळ त्याच्या ओळखीच्या एकाची खोली रिकामी होती, तिथे तो बायकोमुलाला घेऊन जाणार होता. तो म्हणाला, “माले लूम लांब पडी, पन पडू दे.” त्याच्या बोलण्यात चिडणं नव्हतं. डुगडुगत्या चौरंगासारखाच त्याने हाही प्रश्न हाताशी घेऊन सोडवला होता. मी होकार दिला. मला ते फार समंजस वाटलं. कुणाचीच श्रद्धा दुखावली गेली नाही, असं मी सभेत सांगितलंसुद्धा. शिक्षक तेव्हा हसले नाहीत.

शनिवारी सकाळी हातगाडीवर दादाचं सामान गेलं. माय दादाबरोबर गेली. कुणी ठरवलं नाही, कानबाई जिथे मांडायची तिथे ती जाणारच होती. तिची पाण्याची कळशी, अंथरूण आणि गव्हाचा डबा, एवढंच तिचं होतं. खोलीत एकदम जागा झाली. बायकोने उरलेली भांडी त्या जागेत लावून पाहिली आणि पुन्हा होती तिथे ठेवली.

सोमवारी विसर्जन झालं. मी गेलो नाही. मंगळवारी काम सुटल्यावर मात्र पर्वत पाटियाला गेलो. कशाला गेलो, हे मी वाटभर स्वतःला निरनिराळं सांगत होतो. दारातच भाजलेल्या गव्हाचा वास आला. दादा, वहिनी, पोरगा गोल करून बसले होते, प्रत्येकापुढे रोट आणि दूध. मला पाहून वहिनीने ताटावर पदर धरल्यासारखं केलं आणि मग ओशाळून सोडून दिला. दादा म्हणाला, “ये, बस.” मी बसलो. मायने चहा टाकला.

मला दुसरं काही कुणी दिलं नाही.

हे तोवर माझ्या आयुष्यात घडलं नव्हतं. कुणाच्याही घरी, कोणत्याही सणाला, प्रसाद माझ्यापुढे यायचा आणि मी हात आडवा धरून नको म्हणायचो. ते नको म्हणणं म्हणजे मीच, असं मला वाटत आलं होतं. कुणीतरी आधी पुढे करावं लागतं, मगच नाकारता येतं, हे मला त्या खोलीत बसून कळलं. माझ्या नास्तिकतेचं निम्मं ओझं इतकी वर्षं समोरच्यांनी धरलं होतं.

चहा संपला. दादा हात धुवायला बाहेर गेला. मी हळूच म्हणालो, “माय, एक घास दे.”

तिने गुडघा चोळत माझ्याकडे पाहिलं. चेष्टा नाही, राग नाही. मग विचारलं, “मानस का?” मानतोस का, एवढंच.

एक शब्द पुरला असता. मी ‘हो’ म्हटलं असतं तर तिने पुढे काही विचारलं नसतं. उठून आपल्या ताटातला तुकडा मला दिला असता, आणि वगळलेला मुलगा परत आला म्हणून पुढच्या श्रावणापर्यंत त्यावर जगली असती. तिथे सभेतलं कुणी नव्हतं. मला कुणापुढे काही सिद्ध करायचं नव्हतं. मी खरोखर आत शोधलं. देवी नाही, तर निदान मायपुरतं, त्या नारळापुरतं काही आहे का ते पाहिलं. काहीच नव्हतं.

“नही, माय.”

“मंग कशी देऊ,” ती म्हणाली. देता आलं तर तिला हवं होतं. पण मी वगळायला सांगितलं होतं, आणि तिने ते मनापासून मान्य केलं होतं. माझं न मानणं आजवर तिच्याइतकं खरं कुणी धरलं नाही. मीसुद्धा नाही.

नास्तिकता हा धर्म आहे की नाही, तिला श्रद्धा लागते की नाही, यावर त्यानंतरही मी पुष्कळ ऐकलं आणि वाचलं. सभेतलं माझं जे होतं तो धर्म होता, यात मला आता शंका नाही. त्याला नियम होते, दंड होता, पाहणारे लोक होते, आणि त्यातून मला बळ मिळायचं. त्या मंगळवारी मायपुढे जे उरलं ते दुसरंच काही होतं. त्यात बळ नव्हतं. श्रद्धा असती तर तिने मला थोडा तरी आधार दिला असता, निदान मी बरोबर केलं एवढं वाटू दिलं असतं. तसं काही वाटलं नाही. आजही वाटत नाही, आणि मी आजही मानत नाही.

सभेला मी पुन्हा गेलो नाही. माय दादाकडेच राहिली. त्या दशकाच्या अखेरीस ती गेली, तोवर मी आठवड्यातून एकदा तिच्याकडे जात असे. श्रावणातल्या त्या दिवसांपुरतं मात्र दादा आदल्या आठवड्यातच सांगायचा, “पौर्णिमेनंतर ये.” मी पौर्णिमेनंतर जात असे. तोवर रोट संपलेले असत, आणि माय मला पोटभर जेवू घालत असे.