पलीकडचा विंगर

"मॅडम, मी माझ्याच मुलाला ओरडलो. दुसऱ्याच्या मुलाला ओरडलो असतो, तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं."

प्रशांत वानखेडे हे इतक्या शांतपणे बोलले की क्षणभर मलाच वाटलं, चूक माझी आहे. जरा वेळापूर्वी हेच गृहस्थ टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या लांबीच्या रेषेवर उभे राहून ओरडत होते, "काय करून राहिला बे! पाय लाव ना!" वानखेडे मूळचे अमरावतीचे, आता कात्रजला राहतात. आयटी कंपनीत मॅनेजर. एरवी बोलणं निम्मं इंग्रजी, निम्मं पुणेरी. मॅच सुरू झाली की मात्र अमरावती थेट मैदानात उतरायची.

"नियम तुमच्या मुलासाठीही आहे," मी म्हटलं. "टाळ्या वाजवा, चिअर करा. सूचना द्यायला कोच आहे."

"मी चिअरच करतोय."

अशा चिअरिंगसाठीच माझी नेमणूक झाली आहे. मी मुलांच्या एका फुटबॉल लीगची सेफगार्डिंग ऑफिसर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, मुलं खेळायला येतात तिथे मोठ्या माणसांचा त्यांना त्रास होऊ नये, हे बघायचं. मारणं, शिव्या, टोमणे, न विचारता काढलेले फोटो, कोचने एकट्या मुलाला आपल्या गाडीवरून घरी सोडणं, हे सगळं त्यात येतं. आधी मी शाळेत समुपदेशक होते. 'सेफगार्डिंग' हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून सगळे मला 'सेफ्टी मॅडम' म्हणतात आणि गुडघ्याला खरचटलं की माझ्याकडे बर्फ मागतात. मी हल्ली बर्फ ठेवते. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.

आमच्या मॅचेस रविवारी सकाळी वाघोलीच्या एका मैदानावर होतात. पालकांनी अलीकडच्या टचलाइनवर उभं राहायचं, दोन्ही संघांचे कोच आणि राखीव खेळाडू पलीकडच्या. मध्ये अख्खं मैदान. पालक आणि कोच यांच्यात एवढं अंतर असलेलं बरं असतं.

वानखेड्यांचा मुलगा सोहम बारा वर्षांखालच्या संघात विंगर होता. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा. त्याचे कोच इम्रान सर त्याच्यावर फार खूश.

"मॅडम, हा बच्चा दोन्ही पायांनी खेळतो," त्यांनी मला सांगितलं होतं. "फर्स्ट हाफ लेफ्ट विंग, सेकंड हाफ राइट विंग. स्वतःच येऊन मागतो. या वयात एवढी समज कुठे असते?"

मलाही कौतुक वाटलं होतं. फुटबॉलमध्ये हाफ टाइमनंतर संघ बाजू बदलतात, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय होतो, हे डोक्यात शिरायला मात्र एक टँकर यावा लागला.

वाघोलीत टँकर ही नवलाईची गोष्ट नाही. त्या रविवारी तो मैदानाच्या अलीकडे उभा होता आणि पाइपातून गळत होता. पालकांची सगळी बाजू चिखल झाली. मी पालकांना पलीकडे, कोच लोकांच्या मागे उभं केलं. मॅच सुरू झाली आणि सोहमने इम्रान सरांकडे जाऊन राइट विंग मागितली. नेहमीच्या उलट. आता तो अलीकडे, चिखलात खेळत होता. घसरत होता, पडत होता, उठत होता. हाफ टाइमला संघांनी बाजू बदलल्या, तेव्हा त्याने लेफ्ट विंग मागितली आणि पुन्हा त्याच चिखलात आला.

तेव्हा मला कळलं. सोहमला डावं-उजवं काही नव्हतं. संघांनी बाजू बदलल्या की पलीकडचा विंगर अलीकडच्या टचलाइनवर येतो, म्हणून तो विंग बदलत होता. जिकडे वडील, त्याच्या पलीकडे सोहम. इम्रान सर ज्याला टॅलेंट म्हणत होते, ती पळवाट होती. ती शोधताना पोरगं दोन्ही पायांनी खेळायला शिकलं, हे खरं.

मुलांशी बोलायची आमची ठरलेली पद्धत आहे. बंद खोलीत बोलायचं नाही. सगळ्यांना दिसेल अशा जागी, पण कुणाला ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर बसायचं. 'बाबा मारतात का?' असं विचारायचं नाही, कारण मग उत्तर आपणच मुलाच्या तोंडात घालतो. आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही द्यायचं नाही. मॅच संपल्यावर मी सोहमला पाण्याच्या जारपाशी गाठलं. इम्रान सर समोर दिसतील असे आम्ही बसलो.

"आज चिखलात का खेळलास रे?"

"तिकडे मोकळं होतं." तो मोज्यातला चिखल काढत होता.

मी गप्प बसले. मुलं शांतता फार वेळ सहन करत नाहीत.

"मॅम, तुम्ही पप्पांना सांगणार?"

"तुला काही धोका आहे असं वाटलं, तर मला एकदोघांना सांगावं लागेल. पण तू असं असं म्हणालास, हे पप्पांना जाऊन सांगणार नाही."

त्याने थोडा विचार केला. "पप्पांचा फोन जुना आहे. लांबचं झूम केलं की ब्लर होतं."

मला काही बोध झाला नाही. मग ढ मुलीला समजावावं तसं त्याने मला समजावलं. पप्पा ट्रायपॉड लावून पूर्ण मॅच शूट करतात. रविवारी जेवण झालं की व्हिडिओ टीव्हीवर लावतात. सोहमचं काही चुकलं की पॉज करतात. काय चुकलं, ते सोहमने स्वतः सांगायचं. बरोबर सांगितलं की व्हिडिओ पुढे जातो. पलीकडच्या विंगवर असलं की चित्र धूसर येतं, जर्सीवरचा नंबर दिसत नाही, मग पॉज कमी होतात.

"पप्पा घरी ओरडत नाहीत हं," तो म्हणाला. "फक्त पॉज करतात." मग मी न विचारता म्हणाला, "मला फुटबॉल खूप आवडतो, मॅम. पलीकडून."

मला वानखेड्यांचा भयंकर राग आला. समुपदेशकाला राग येऊ नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा त्या जारपाशी बसून बघावं.

मी लीगचे सेक्रेटरी कामत सर यांना गाठलं. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि प्रत्येक प्रश्न काउंटरवर आलेल्या ग्राहकासारखा हाताळतात.

"मारतात का?"

"नाही."

"उपाशी ठेवतात?"

"नाही. जेवण झाल्यावरच करतात."

"मग मॅडम, कुणी आपल्या घरात टीव्हीवर काय बघावं, हे आपल्या लीगच्या अखत्यारीत येतं का?"

येत नव्हतं. शूटिंग मात्र आमच्या मैदानावर होत होतं, आणि त्याचा नियम आहे. परवानगीशिवाय मॅचचा व्हिडिओ काढायचा नाही, कारण त्यात लोकांचीही मुलं असतात. पुढच्या रविवारी वानखेडे बुधवार पेठेतून आणलेला आपला ट्रायपॉड उभा करत होते, तेव्हा मी तो नियम घेऊन गेले.

"माझ्या मुलाचा व्हिडिओ काढायला तुमची परवानगी?"

"तुमच्या मुलाचा घरी काढा. इथे फ्रेममध्ये बाकीची पोरं आहेत. त्यांच्या आईबापांना विचारलंत?"

नियम बिनतोड होता. त्यांनी ट्रायपॉडचे पाय मिटायला घेतले आणि मिटता मिटता म्हणाले, "मॅडम, हे त्याच्याच भल्यासाठी आहे. आमचाही दर आठवड्याला रिव्ह्यू होतो. स्क्रीन शेअर करून, अख्ख्या टीमसमोर. काय चुकलं ते स्वतः सांगायचं. मला कुणी विचारतं का, कसं वाटतं म्हणून?"

"मी विचारते. कसं वाटतं?"

त्यांनी ट्रायपॉडचा शेवटचा पाय मिटला. "माणूस इम्प्रूव्ह होतो," एवढं म्हणाले. मग ट्रायपॉड काखेत मारून म्हणाले, "आणि तुम्हाला माझा एवढा त्रास होत असेल, तर काढून घेतो त्याला. रविवारी मॅथ्सचा चांगला क्लास आहे. तो लावतो."

इथे माझी गोची झाली. व्हिडिओ बंद झाला, पण आता मी आणखी ताणलं असतं, तर सोहमचा फुटबॉलच गेला असता. सध्या त्याच्याकडे निदान पलीकडची बाजू तरी होती. माझ्या कामात हे नेहमी होतं. मोठ्या माणसाला धडा शिकवायला जावं आणि शिक्षा मुलाला व्हावी. मी तोंड मिटून परत आले. त्या दिवशी वानखेड्यांच्या हातात फोन नव्हता, त्यामुळे सगळा जोर घशात आला. सोहम पलीकडे टचलाइनला इतका चिकटून खेळत होता की अजून थोडा सरकला असता, तर मैदानाबाहेरच गेला असता.

आमच्या लीगमध्ये एक प्रथा आहे. प्रत्येक पालकाने सीझनमध्ये एकदा झेंडा धरायचा. म्हणजे लाइन्समन व्हायचं. बॉल बाहेर गेला, कुणाचा पाय लागून गेला, हे झेंडा वर करून रेफरीला दाखवायचं. आपल्या मुलाची मॅच सोडून दुसरी कुठलीही. वानखेड्यांची पाळी बरीच लांब होती. मी ती पुढच्या रविवारवर आणली. मुद्दाम आणली का? हो.

मॅच दहा वर्षांखालच्यांची होती. वानखेडे तयारीनिशी आले. काळा टी-शर्ट, नवे बूट. आदल्या दिवशी लाइन्समनचे नियम इंटरनेटवर बघितल्याचं त्यांनी मला दोनदा सांगितलं. पालकांच्या बाजूची रेषा त्यांच्याकडे होती. तिथे घडीची खुर्ची टाकून एक आजोबा बसले होते. त्यांचा नातू गोलकीपर होता.

बॉल बाहेर गेला. वानखेड्यांचा झेंडा खालीच.

"अहो, बॉल बाहेर गेला होता," आजोबा म्हणाले. "आम्हाला बसून दिसला. आपल्याला उभं राहून दिसला नाही?"

थोड्या वेळाने वानखेड्यांनी झेंडा एका दिशेला केला, मग दुसऱ्या.

"अहो, तो धरायला दिलाय. वारा घालायला नाही."

आजोबांनी एकदाही आवाज चढवला नाही. शिवी तर नाहीच. प्रत्येक वाक्याला 'अहो' होतं, 'आपण' होतं. आजूबाजूचे पालक हसायला लागले. वानखेड्यांचे कान लाल झाले. पुढचा बॉल त्यांच्या समोरून सरळ बाहेर गेला आणि त्यांनी झेंडा उचलण्याआधी खुर्चीकडे बघितलं.

"घाबरू नका, चुका बिनधास्त," आजोबा म्हणाले. "आता आम्हाला सवय झालीय."

झेंडा धरणाऱ्याला टोमणे मारणं हाही नियमभंगच आहे. आजोबांना गप्प करणं माझं काम होतं. मी गेले. जरा सावकाश गेले. वाटेत एका आईने हसत हसत वानखेड्यांच्या दिशेने फोन वर धरला होता, तो मात्र मी ताबडतोब खाली करायला लावला.

"आजोबा, लाइन्समनला बोलायचं नाही."

"मी कुठे बोललो? मी त्यांना मदत करतोय."

हाफ टाइम झाला. वानखेडे माझ्याकडे आले. घामाने भिजले होते, आणि सकाळचं ऊन काही तेवढं नव्हतं.

"मॅडम, सेकंड हाफला मी पलीकडच्या रेषेवर गेलो तर चालेल?"

"का हो?"

"इकडे फोकस होत नाहीये."

"जा की."

ते निघाले आणि चार पावलांवर थांबले. पलीकडच्या रेषेवर सोहम बसला होता. त्याची मॅच नंतर होती. बुटाची नाडी बांधत होता. वानखेडे त्याच्याकडे बघत राहिले.

"सोहम पण तिकडेच असतो," ते म्हणाले.

मी बर्फाच्या डब्याचं झाकण लावलं.

"इम्रान सर म्हणतात, त्याचे दोन्ही पाय चालतात म्हणून."

पुण्यात जन्म काढून, उत्तर जिभेवर असताना गप्प राहणं, हे माझ्या नोकरीतलं सर्वांत अवघड काम होतं. पण मी त्या पोराला शब्द दिला होता.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"जा," मी म्हटलं. "रेफरी थांबलाय."

ते गेले. मुलाच्या शेजारून गेले. सोहमने पाय आखडून त्यांना वाट दिली. नंतर सोहमची मॅच सुरू झाली, तेव्हा वानखेडे पालकांच्या रेषेवर नव्हते. पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे होते, मैदानाकडे पाठ करून.

माणूस एका रविवारात साधू होत नाही. पुढच्या काही मॅचेसमध्ये ते आले, पाण्याची बाटली दातात धरून उभे राहिले. तरी मधून एखादा 'बे' निसटायचा. मग तेच माझ्याकडे बघून हात वर करायचे. सोहम बराच काळ पलीकडेच खेळला. त्याने वडिलांना लांबून तपासून घेतलं आणि ते बरोबरच होतं.

मग एका रविवारी त्याने हाफ टाइमला विंग बदलून मागितली नाही. इम्रान सरांनी विचारलं, तर म्हणाला, "लेफ्टच ठेवा." म्हणजे संघांनी बाजू बदलल्यावर तो अलीकडे, पालकांच्या रेषेवर आला. अगदी शेवटी शेवटी, वडिलांच्या पुढ्यात, त्याच्या पायातून बॉल निसटला. समोरच्या पोराने तो नेला आणि गोल झाला. सोहमचा संघ हरला. वानखेड्यांचं तोंड उघडलं होतं. मला ते दिसत होतं, सोहमलाही दिसत होतं. ते तोंड तसंच मिटलं.

मॅच संपल्यावर सोहम चालत त्यांच्याकडे गेला.

"भूक लागली का?" वानखेड्यांनी विचारलं.

सोहम पुढचं वाक्य येण्याची वाट बघत उभा राहिला. ते आलं नाही. मग तो "हो" म्हणाला आणि बॅग वडिलांच्या हातात देऊन गाडीकडे पळाला.

इम्रान सर माझ्यावर नाराज आहेत. "मॅडम, बच्चा आता फक्त लेफ्टला खेळतो. माझा राइट विंगर गेला." मी त्यांना सांगितलं, दुसरा तयार करा, पण त्याला घाबरवून नको. टँकरचा हिशेब त्यांना सविस्तर सांगितला, तेव्हा त्यांनी पुढच्या मॅचच्या यादीत सोहमपुढे स्वतःच 'लेफ्ट' लिहिलं.

यातून मी शिकले ते एवढंच. आईबापांना नियम वाचून दाखवला की ते नियमातली फट शोधतात. झेंडा हातात दिला, तर निदान काही जणांना आपलं पोर दिसतं. सगळ्यांना नाही. हल्ली सीझन सुरू झाला की सर्वांत मोठा आवाज असलेल्या पालकांची पाळी मी पहिली लावते. हे कुठल्या पॉलिसीत नाही. कामत सरांनी एकदा विचारलं, हा क्रम कशावरून ठरतो? मी सांगितलं, उत्साहावरून.