दांडीच्या माकुलावरचा पिवळा उजेड

बोईसरच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो, तेव्हा चमकणाऱ्या जिवाणूंचे सर म्हणून मला ओळखत. मासळीवरचे जिवाणू काचेच्या बशीत वाढवून मी मुलांना काळ्या पडद्याच्या खोलीत न्यायचो. डोळे अंधाराला सरावले की निळसर ठिपके दिसत. मुलं "आईशप्पथ!" म्हणत. ते मला दरवर्षी ऐकायला हवं असायचं.

मग मी प्रमुख असलेल्या विभागात एक तरुण प्राध्यापिका आली, जवळच्याच किनाऱ्यावरच्या दांडीच्या कोळ्याघरची. आईच्या मासळीच्या टोपलीतल्या माकुलावरून, म्हणजे स्क्विडवरून, तिनं जिवाणू वाढवले आणि बशीत ठिपके पिवळे चमकले. या जिवाणूंचा मूळ उजेड निळाच. पण एखाद्या वाणात जादा प्रथिन असतं, ते तो उजेड घेऊन पिवळा करून सोडतं. हे मी फक्त वाचलं होतं. सातपाटी ते डहाणू मी वर्षानुवर्षं मासळी हुंगत फिरलो, आणि हिला ते कालवणाच्या माकुलात मिळालं!

"काय सर, तुमचा निळा जुना झाला की!" स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं. मीही हसलो. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

विद्यापीठातून दोन तज्ज्ञ यायचे होते. त्यांना पटलं तर वाण नेऊन पुढचं काम तिच्या नावानं सुरू होणार होतं. त्यांना आणायला स्टेशनवर जाताना ती म्हणाली, "सर, बशा अगदी शेवटी फ्रीजमधून काढा हं. गरम झाल्या की ते प्रथिन काम सोडतं, निळंच दिसतं."

मे महिना होता. ती गेटबाहेर पडताच मी सगळ्या बशा खिडकीजवळच्या ओट्यावर मांडल्या.

पडद्याआड सगळे ठिपके निळे. "असले तर सरांकडे नेहमीच असतात," एक तज्ज्ञ म्हणाले.

"सर, आधी काढल्या होत्या का?" तिनं विचारलं.

"छे, आत्ताच!"

बशा पुन्हा थंड केल्या, पण पिवळा रंग काही परतला नाही. उष्णतेनं खचलेलं ते वाण आठवड्यात मेलं आणि तिला पुन्हा सापडलं नाही. तिची नजर फसली असं सगळे म्हणू लागले. मीही म्हणत राहिलो.

निवृत्तीनंतर, गेल्या महिन्यात, दांडीला तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"बशी हातात घेतली तेव्हाच कळलं होतं, सर. कोमट होती."

"मग बोलली का नाहीस?"

उत्तर तिच्या आईनं दिलं. "कशी बोलंल, गुरुजी? तवा तिची नोकरी कच्ची व्हती, न् पक्की तुमीच करनार! घ्या, चा घ्या."

मुलीनं चहाची वाट पाहिली नाही. त्या दोघांतल्या एका तज्ज्ञांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्यासमोर धरला. "त्यांना सांगा, सर."

मी सांगितलं. पलीकडून तज्ज्ञ म्हणाले, "म्हणजे मॅडमना दिसलं ते खरं होतं. त्या पुन्हा शोधतील का?"

तिनं फोन ओढून घेतला. थंडीतली माकुलं, बर्फाची पेटी, कोणती होडी, तिचं भराभर सुरू झालं. मी तिथंच बसलो होतो आणि हिला ते पुन्हा सापडेल या जुन्याच मत्सरानं माझा चहा त्या दिवशीच्या डब्यासारखा तसाच राहिला.