आक्काचं लिव्हर आणि आडवी बाटली

"हा कर."

आक्काच्या पाया पडायला वाकलात की आशीर्वादाआधी हा हुकूम यायचा. मग ती तुमची हनुवटी धरून तोंडाचा वास घेणार. सरपंचापासून नव्या जावयापर्यंत कुणाचीही सुटका नव्हती. वास आला नाही तर नुसतं "जा." आला, तर पुढचं अख्ख्या आळीला ऐकू जायचं. "लिवर सडंल मुडद्या, लिवर!"

बारामतीकडच्या पणदऱ्याच्या पलीकडे आमचं गाव. गावात देशी दारूचं दुकान, आणि ते बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान लागलेलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. आक्का आडव्या बाटलीची पुढारी आणि मी तिचा पत्रकवाला. माझ्या पत्रकांत 'शोषणाची विषारी नळी' असलं काहीबाही असायचं. आक्का ती घरोघर वाटायची आणि सांगायची, "वाचू नगा, नुस्तं घ्या. पोरगं चांगलं हाय."

असा प्रचार तुम्हीही पाहिला असेल. आमच्याकडे चहा न घेता उठलात, की त्या घरचं मत गेलंच समजा. आणि चहा तरी कसला! घरोघर साखर कारखान्याची, सभासदांना स्वस्तात मिळणारी साखर. हात आखडता घ्यायचा प्रश्नच नाही. आक्का एका आळीत जेवढे कप रिचवायची, तेवढे पेले दुकानातलं अट्टल गिऱ्हाईकही रिचवत नसेल.

मतदान जवळ आलं आणि मोतीबिंदूसाठी मी तिला बारामतीला नेलं. रक्त तपासलं तर साखर वाढलेली, कोलेस्टेरॉल वाढलेलं, ट्रायग्लिसराइड त्याहून वर. म्हणून सोनोग्राफी केली, तर लिव्हरवर चरबी. तरुण डॉक्टरने सरळ विचारलं, "आजी, दारू घेता का?"

मी आक्काचा हात धरला म्हणून डॉक्टर वाचला. त्याने बिचाऱ्याने नीट समजावलं. दारूचा थेंब न घेणाऱ्यांनाही हे होतं. रक्तात साखर आणि चरबी अशी वाढली की लिव्हरवरही चरबी साठलेली पुष्कळदा सापडते. गोड बंद, चालणं सुरू. आणि साखर उतरेपर्यंत डोळ्याचं ऑपरेशन नाही.

जीपवाल्याने आम्हाला वेशीवर उतरवलं आणि बातमी पुढे चौकात नेली. संध्याकाळी पारावरचा एक तळीराम झोकांड्या खात उठला. "आक्का, आता तुमी हा करा."

सगळे फिदीफिदी हसले. आक्का तरातरा गेली, त्याचीच हनुवटी धरली आणि तोंडावर सणसणीत 'हा' केला.

"काय आलं?"

"च्या," तो म्हणाला.

पण कुजबुज थांबेना, आणि दुकानवाला तिला हवा देत होता. लिव्हर बिघडलंय म्हणजे म्हातारी चोरून घेत असणार, एवढं वैद्यकशास्त्र आमच्या गावाला पाठ होतं. मी एक जळजळीत पत्रक लिहिलं, 'आक्का ठणठणीत! अपप्रचाराला बळी पडू नका!' आक्काने ते ऐकून घेतलं आणि फाडलं.

"ठनठनीत कुठं हाय? दुकानवाला खोटं बोलतो म्हनून आपुनबी बोलायचं?"

आणि ती पुन्हा घरोघर निघाली. "बिघडलंय लिवर. दारूनं न्हाय, तुमच्या च्यानं बिघडलंय. आता बिनसाखरेचा द्या."

इथे खरी पंचाईत झाली. बायका दुखावल्या. "आमच्यात साखर सरली म्हनतील की लोक!" एकीने तर दारच लावलं. एकेक मत हातचं जाताना दिसत होतं.

"आक्का, मतदानापुरता घ्या की गोड."

"दारुडाबी म्हनतो सनापुरती घेतो. त्याला मग कुठल्या तोंडानं आडवू?"

शेवटचं घर खुद्द दुकानदाराचं. तो घरी नव्हता, त्याची म्हातारी आई होती. बिनसाखरेचा चहा मागितल्यावर ती भडकली.

"माझ्या घरात? माज आलाय व्हय गं?"

"लिवरवर चरबी आलीया. माज समदा तितंच हाय."

 म्हातारीने साखरेचा डबा बाजूला सारला, दोन कप बिनसाखरेचे गाळले आणि एक स्वतः प्यायली. तोंड वाकडं करत म्हणाली, "पोराला बोलू नगंस. मी येते मताला."

मतदानाच्या दिवशी आक्काला मोतीबिंदूमुळे चित्रं धड दिसेनात. मदतीला माणूस घ्या, मतदान केंद्रावरचे साहेब म्हणाले. "माझी बाटली मीच पाडनार," म्हणत ती एकटीच आत गेली. बाहेर येऊन माझ्या कानाशी पुटपुटली, "शिक्का कुठं बसला द्येव जानं."

बाटली आडवी झाली. आक्काचं मत उभीला गेलं असतं तरी झालीच असती.

पुढे बिनसाखरेचा चहा आणि पायपीट करून आक्काने साखर उतरवली. डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तशी ती मला घेऊन थेट दुकानापुढे गेली. शटर खाली होतं आणि पायरीवर दुकानदाराची आई बसली होती. आक्काने शटरकडे पाहिलंच नाही. म्हातारीचा चेहरा ती निरखत राहिली.

"लई वाळलीस गं."

"पोराला कळलं," म्हातारी म्हणाली. "बोलत न्हाय माझ्याशी."

मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं. आक्काने हातानेच मला गप्प केलं आणि पदर सावरून ती त्या दारूच्या दुकानाच्या पायरीवर, म्हातारीला खेटून बसली.