वीस फुटांवरचं दाताळं

माझ्या मोटारसायकलच्या कॅरिअरवर पत्र्याची पेटी होती आणि त्या पेटीच्या झाकणाशी मी चार महिने भांडत होतो. खरोखर तोंडानं, आणि तेही भर बाजारात. "उभं राहा की लेका सरळ!" असं मी झाकणावर ओरडायचो आणि समोर डोळे तपासायला बसलेला माणूस दचकून उभा राहायचा. मग त्याला म्हणायचं, तुम्ही नाही हो, तुम्ही बसा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात सहा वर्षं नंबर काढायला शिकलो आणि मालकाशी वाजलं म्हणून शिरूरला घरी परत आलो. दुकान टाकायची ऐपत नव्हती, मग गाडीलाच दुकान केलं. आठवड्याचे बाजार गाठायचे: शिक्रापूर, न्हावरे, यवत, कुरकुंभ, शेवटी दौंड. एका बाजारात डोळे तपासायचे, पुढच्या आठवड्यात त्याच बाजारात चष्मा द्यायचा. पेटीत तपासायच्या काचा, फ्रेमा, आरसा असं सगळं बसायचं. झाकणाच्या आतल्या बाजूला मी तक्ता चिकटवला होता. गाडी मेन स्टँडवर लावायची, उजेडाकडे शेपूट करायची, झाकण उभं करायचं की झाला दवाखाना तयार.

बाजारात निम्म्या लोकांना वाचता यायचं नाही, म्हणून तक्त्यावर आपली अक्षरं नव्हती. इंग्रजीतला ई होता, कुठं उजवीकडे तोंड केलेला, कुठं वर, कुठं खाली. पहिल्या ओळीत तळहाताएवढा मोठा आणि खाली खाली बारीक होत गेलेला. पण आमच्याकडे त्याला ई कोण म्हणतंय! सगळे दाताळं म्हणायचे, शेतातला काडीकचरा ओढायचं असतं ना, तेच. मी वीस फुटांची सुतळी धरून माणसाला लांब स्टुलावर बसवायचो आणि विचारायचो, "तिसरी ओळ, दाताळ्याचे दात कुणीकडं?" माणूस हाताची तीन बोटं त्या दिशेला वळवून दाखवायचा. तक्ता मला तोंडपाठ होता. मागं वळून बघायची गरजच नव्हती. माझी पाठ तक्त्याकडे, तोंड माणसाकडे, काचा बदलत राहायचं आणि बोटं बघायची. या पाठांतराचा मला भारी अभिमान होता.

झाकण उभं धरायला एका बाजूला लोखंडी पट्टी होती. तिला लांबट खाच, खाचेत स्क्रू. झाकण वर केलं की स्क्रू खाचेच्या टोकाला जाऊन अडकायचा. पेटी नवी होती तोवर नीट अडकला. मग शिरूर-चौफुला रस्त्यानं पेटीची हाडं खिळखिळी केली आणि झाकण पुढं झुकायला लागलं. धाडकन पडलं असतं तर बरं होतं, निदान कळलं असतं. हे हळूहळू मान खाली घालायचं, शाळेत पेंगणाऱ्या पोरासारखं. मी त्याला ज्वारीच्या धाटाचा टेकू द्यायचो, कधी उसाच्या कांड्याचा. एकदा ते कांडं बाजारातल्या शेळीनं ओढून नेलं आणि झाकण माझ्या बोटांवर पडलं. तरी मी म्हणत राहिलो, बघू पुढच्या आठवड्यात.

त्याच दिवसांत यवतच्या बाजारात एक आबा आले. पन्नाशीच्या आतबाहेरचे असतील, पण नातवंडं लवकर झाली म्हणून सगळे आबाच म्हणायचे. पूर्वी मेंढरं घेऊन मुलूखभर फिरलेलं घर, आता शेती करत होते, तरी चाळीसेक मेंढरं अजून पाळलेली. म्हणाले, "सायेब, समोरची मेंढी माझी का दुसऱ्याची त्येच कळंना झालंया." मी स्टुलावर बसवलं. तिसऱ्या ओळीपाशी त्यांची बोटं अडखळली. मी काच वाढवली. पुन्हा अडखळली, पुन्हा वाढवली. "आता दाताळं बारीक दिसतंय, पर काळं कुळकुळीत," आबा म्हणाले. मी खूश. मायनस सव्वादोन लिहिलं आणि पुढच्या बाजारी चष्मा त्यांच्या हातात दिला.

त्याच्या पुढच्या बाजारी चष्मा माझ्यापुढं आला तो आबांच्या बायकोच्या हातात. तिनं तो माझ्या पेटीवर आपटला.

"ह्यो तुमचा चष्मा माघारी घ्या, न्हाईतर माझा मानूस माघारी द्या."

काय झालं ते तिनं भराभरा सांगितलं. त्यांचं घर हायवेच्या या बाजूला आणि मेंढरं चरायची पलीकडं, कालव्याकडेच्या पडीक रानात. रोज सकाळी कळप रस्ता ओलांडून न्यायचा, संध्याकाळी आणायचा. "हे डोळ्याला लावल्यापास्नं समदं लांब गेल्यागत दिसतंय म्हनत्यात. परवा सोलापूरकडनं ट्रक येत व्हता. पार तिकडं हाय म्हनले, आन् घातला कळप रस्त्यावर. ट्रकवाल्यानं बिरेक मारला म्हनून हे हायती. म्होरची मेंढी जाग्यावर गेली."

"मग चष्मा काढून ठेवायचा ना, मावशी!"

"ऐकत्यात व्हय! शिकल्याल्या मानसानं बघून दिलाय म्हनत्यात. त्येचं चुकायचं न्हाई, माझीच नदर चुकत आसंल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता सांगायला लाज वाटते, पण मेंढीचं ऐकून वाईट वाटायच्या आधी मला राग आला. "मावशी, माझा नंबर चुकत नाही. सहा वर्षं पुण्यात काढलीत मी. इथं, ह्याच स्टुलावर आबा बसले होते, समोर तो तक्ता..." असं बोलत बोलत मी तरातरा जाऊन स्टुलावर बसलो, तिला दाखवायला.

तिसरी ओळ मला दिसेना.

माझे डोळे तेव्हा ठणठणीत होते. डावीकडून दुसरं दाताळं खाली तोंड करून असतं हे मला माहीत होतं. दिसत मात्र नव्हतं. झाकण चांगलं वीतभर पुढं झुकलेलं, तक्ता स्वतःच्याच सावलीत गेलेला, दाताळ्यांचे दात दबून एकमेकांना चिकटलेले. इतके दिवस माझ्या पाठीमागं हे असं चाललं होतं. माझ्या डोळ्यांदेखत झाकण आणखी झुकलं आणि खाडकन मिटलं.

मावशीनं झाकणाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आदी तुमची पेटी नीट करा," ती म्हणाली, "मंग आमचं डोळं बघा."

"आठ दिवसांत करतो. आबांना घेऊन या. तोवर त्यांना रस्त्याकडे जाऊ देऊ नका."

"मेंढरं काय घरात चरत्यात व्हय?" म्हणाली आणि चालू लागली. चूक माझी आहे, एवढं म्हणायला माझी जीभ काही उचलली नाही. रांगेत तिघं थांबले होते, त्यांना परत पाठवलं आणि पेटी बंद केली. आबा आता चष्म्याशिवाय, अंधूक नजरेनं आठ दिवस त्या रस्त्यावरून जाणार होते. त्या क्षणी मी ठरवलं, हे झाकण पुढच्या बाजाराच्या आत काटकोनात उभं राहणार, नाहीतर मी ही पेटी घोड नदीत टाकणार.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिरूरच्या वेल्डरकडे गेलो. माझ्याच वयाचा, जिभेनं तिखट. म्हणाला, "एवढं रामायण कशाला? तक्ता भिंतीला टांगा की!"

"बाजारात माझी भिंत कुठंय? एका दारात सावली, दुसऱ्या दारात मालक हाकलतो. हे झाकणच माझी भिंत. तू गपगुमान दांडी लाव."

त्यानं बोटाएवढी जाड सळई वाकवून लावली. बघायला भक्कम. न्हावऱ्यापर्यंत गेलो, पेटी उघडली, तर सळई शाबूत आणि झाकण परत झुकलेलं. खवळून परत आलो. वेल्डर हसला, मी आणखी खवळलो.

मग कुरकुंभच्या कारखान्यात कामाला असलेला एक मित्र आठवला. त्यानं भंगारातल्या मशिनीची गॅसची दांडी आणून दिली, झाकण आपोआप वर उचलणारी. "ही लाव, बापजन्मात खाली यायचं न्हाई." मी घरी बसून ती बसवली, खटका काढला आणि बघायला वाकलो. झाकण असं काही उसळलं की हनुवटीवर फाडकन बसलं. जीभ चावली गेली, फ्रेमा अंगणभर. बायको दारात उभी राहून म्हणाली, "आता ह्याच्याशी मारामारीपण सुरू झाली का!" मला हसू आलं नाही. तीन दिवस गेले होते. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, आता आबा कळप घेऊन निघाले असतील.

त्या दिवशी मी गॅसची दांडी उपटून काढली आणि पहिल्यांदाच पट्टीकडं न बघता पट्टी जिथं जोडली होती तिथं बघितलं. रिव्हेटचं भोक चांगलं करंगळी जाईल एवढं मोठं झालं होतं. भोवतालचा पत्रा कागदासारखा पातळ. मी बोटानं दाबला तर आत-बाहेर व्हायला लागला. म्हणजे सोन्याची दांडी लावली असती तरी ती डुललीच असती. चार महिने मी भलत्यालाच शिव्या देत होतो.

पुन्हा वेल्डरकडे गेलो. या वेळी त्याला म्हटलं, तू फक्त ऐक. पेटीच्या दोन्ही कुशींना आणि झाकणालाही आतून तळहाताएवढ्या जाड पट्ट्या लावल्या, रिव्हेट नाही, नट-बोल्ट, खाली वायसर. दोन्ही बाजूंना आधाराच्या पट्ट्या. त्यांना खाच ठेवलीच नाही. एकच भोक, त्यात आरपार खीळ, खिळीला साखळी, म्हणजे हरवायला नको. भोक पाडताना मी सुताराचा काटकोनी गुण्या लावून तीनदा मोजलं. वेल्डर म्हणाला, "चष्म्याची पेटी हाय का रॉकेट?" तरी त्यानंही चौथ्यांदा मोजलं.

एवढं करूनही माझा स्वतःवर विश्वास बसेना. घराच्या बांधकामातला गवंड्याचा ओळंबा पडून होता. तो झाकणाच्या वरच्या कडेला टांगला आणि त्याच्या दोरीमागं तक्त्यावर एक उभी रेघ मारली. दोरी रेघेवर, तर झाकण सरळ. मग पेटीत सगळं सामान भरून मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून न्हावऱ्याला दोन खेपा मारल्या. दर वेळी उघडून बघितलं. दोरी रेघेवर. दुसऱ्या खेपेला मी रस्त्यावर एकटाच "शाब्बास!" म्हणून ओरडलो.

यवतच्या बाजारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. अकराच्या सुमाराला आबा आले, मावशी मागं. आबांना धडधाकट बघितलं आणि मी आधी स्टूल पुसून त्यांच्याकडं सरकवलं. ते मात्र स्वतःच ओशाळलेले. "सायेब, चष्मा चांगला हुता तुमचा. माझ्याच डोळ्यास्नी झेपला न्हाई."

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सुतळी धरली. प्रत्येक काचेला मागं वळून ओळंबा बघत होतो.

"तिकडं काय बघताय? तपासनी माझी का पेटीची?" आबा म्हणाले.

"दोघांची, आबा. तिसरी ओळ. दात कुणीकडं?"

बोटं झपकन खाली वळली. मग डावीकडं, मग वर. एकदाही अडखळली नाहीत. नंबर निघाला मायनस सव्वा. अख्खा एक नंबर मी त्यांच्या डोळ्यांवर फुकट लादला होता. अंदाजानं सव्वाच्या आणि दीडच्या काचा घासून आणल्या होत्या. त्याच फ्रेमेत सव्वाच्या बसवल्या आणि म्हटलं, "आबा, चूक माझी होती. तुमच्या डोळ्यांना जे दिसत होतं ते बरोबर होतं. मेंढी माझ्यामुळं गेली."

आबांनी चष्मा हातात घेऊन सदऱ्याच्या टोकानं पुसला. मग म्हणाले, "आसं म्हन्ता? आन् म्या इतकं दीस सोताला आंधळा म्हनत व्हतो."

मला त्यांच्याकडं बघवेना. मावशीच मध्ये पडली. "जाऊ द्या. पेटीचीच चूक म्हना."

"पेटी माझीच आहे ना, मावशी."

माझी एकच मागणी होती. हा चष्मा लावून पहिल्यांदा रस्ता ओलांडताना मी बरोबर असणार. आबा हसले, पण आले. आम्ही दोघं हायवेच्या कडेला उभे राहिलो. पुण्याकडनं एक ट्रक येत होता. रोज गाडी चालवणारा माणूस मी, डोळे ठणठणीत. मला वाटलं, आहे अजून लांब.

"चला आबा," म्हणून मी पाय टाकलाही.

माझ्या मनगटाला हिसका बसला. "थांबा सायेब. जवळ आलाय."

ट्रक पुढ्यातून गेला तेव्हा त्याच्या वाऱ्यानं माझा शर्ट अंगाला चिकटला. आबांनी मनगट सोडलं नव्हतं. त्यांनी दोन्हीकडं बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं.

"आता चला," म्हणाले. मी त्यांच्या मागोमाग निघालो.