टेबलाखालचा कामकरी

ऑफिसखालच्या हॉटेलात एक अंध बाई आपल्या कुत्र्याचा पट्टा धरून येतात. त्यांचं खाणं होईपर्यंत तो टेबलाखाली शांत बसून राहतो. काल मी लाडाने “घे, घे” म्हणत त्याच्यापुढे बिस्कीट धरलं. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

बाई हसल्या. “कामावर आहे हो तो.”

मी ओशाळलो. शेजारी सदूभाऊ थबकले. पन्नाशीचे वेटर, गिऱ्हाइकं ओसरल्याशिवाय त्यांना जेवण नाही. सांबाराच्या घमघमाटात भूक आवरून राहणं म्हणजे काय, हे तिथे त्यांना आणि त्या कुत्र्यालाच ठाऊक होतं.

सदूभाऊंनी माझ्या हातातलं बिस्कीट घेतलं, कागदात बांधलं आणि बाईंच्या हाती ठेवलं.

“ड्युटी संपली की द्या त्याला,” ते म्हणाले, आणि त्याच्या शेपटीला वळसा घालून पुढच्या टेबलाकडे गेले.